लाइट गेल्यावर कॉम्प्युटर आपणहून बंद व्हावा म्हणून: एपीसी बॅक-यूपीएस ११००, कोकणातल्या घराच्या हिशेबानं

किनाऱ्यावर लाइट दोन प्रकारांनी जाते. पहिला प्रकार घटकाभराचा. माडाची झावळी तारांना घासली, फीडर (सबस्टेशनातून निघणारी लाइन) ट्रिप झाला, सबस्टेशनातून पुन्हा चार्ज केला, दोन-तीन मिनिटांत पंखा फिरायला लागला. दुसरा प्रकार म्हणजे गेली ती गेली. फांदी तारांवर बसली, पोल कलला, डीपीवरचा जंप तुटला. भर पावसात बिघाड शोधत वायरमन तिथवर पोचेपर्यंत रात्र उलटते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कित्येक गावांत लाइट यायला आठवडे लागले.

घरच्या कॉम्प्युटरच्या यूपीएसची बॅटरी वीस-तीस मिनिटं पुरते. पहिल्या प्रकाराला त्यातली तीन मिनिटंही बास होतात, दुसऱ्याला तीन तासही पुरायचे नाहीत. म्हणून दुकानात जो प्रश्न सगळे आधी विचारतात, 'बॅकअप किती मिनिटांचा?', त्याला इथे फारसं महत्त्व नाही. विचारायचं ते हे: लाइट गेल्याचं हा यूपीएस कॉम्प्युटरला कळवतो का? कळवत असेल तर घरात कोणी नसताना, रात्री डाउनलोड लावून सगळे झोपलेले असताना किंवा आंब्याच्या हंगामात बिलं करता करता कोणी बाहेर उठून गेलेलं असताना कॉम्प्युटर स्वतः काम जतन करून बंद होतो. कळवत नसेल तर यूपीएस फक्त टीं-टीं करत राहतो आणि अर्ध्या तासानं कॉम्प्युटरचा वीजपुरवठा तसाच तोडतो. म्हणजे अचानक लाइट जाण्याचं नुकसान टळत नाही, अर्धा तास लांबतं एवढंच.

एपीसी बॅक-यूपीएस बीएक्स ११००सी-आयएन हे मॉडेल आम्ही पसंत करतो ते या एका कारणासाठी. ११०० व्हीए, म्हणजे ६६० वॅट, आणि पाठीमागे डेटा पोर्ट. याच घराण्यातलं ६०० व्हीएचं बीएक्स ६००सी-आयएन दिसायला सारखंच असतं, पण त्याला डेटा पोर्टच नाही. कॉम्प्युटर आपणहून बंद व्हावा अशी इच्छा असेल तर ते घेऊन उपयोग नाही, आणि डेटा पोर्ट मागाहून बसवूनही घेता येत नाही. तालुक्याच्या दुकानात बहुतेक वेळा हेच छोटं मॉडेल पुढे केलं जातं. खोका उघडायला सांगा, मागची बाजू स्वतः बघा.

डेटा पोर्टची केबल जरा निराळी असते. कॉम्प्युटरकडचं टोक साधं यूएसबी, यूपीएसकडचं टोक लॅन केबलच्या पिनसारखं दिसणारं पण दहा तारांचं. लॅनची पिन त्या भोकात बसते, काम मात्र करत नाही. मूळ केबल खोक्यातच येते. ती पहिल्या दिवशीच जोडून टाका. थर्माकोलसोबत ती माळ्यावर गेली की यूपीएस आयुष्यभर मुका राहतो. इतर कंपन्यांचे यूपीएस बघत असाल तर आणखी एक सावधगिरी: काहींच्या अंगावर यूएसबीचं भोक असतं ते फक्त मोबाइल चार्ज करायला. खोक्यावर 'यूएसबी कम्युनिकेशन' असं स्पष्ट लिहिलेलं हवं.

आता मिनिटांचा हिशेब, कारण पुढचे सगळे आकडे त्यावर बसवायचे आहेत. आत १२ व्होल्ट ७ ॲम्पिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या आहेत, म्हणजे कागदावर १६८ वॅट-तास. ही क्षमता वीस तासांत हळूहळू वापरली तर मिळते. अर्ध्या तासात ओढायला गेलं की निम्म्याहून थोडी जास्तच हाती लागते, आणि त्यातलाही काही भाग आतल्या इन्व्हर्टरची उष्णता होऊन जातो. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला डेस्कटॉप, २२ इंची मॉनिटर आणि फायबरचा राउटर मिळून १२० वॅटच्या आसपास घेतात. नव्या बॅटरीवर ते साधारण अर्धा तास चालेल. गेमिंगचा कॉम्प्युटर भरात असेल आणि ३०० वॅट ओढत असेल तर दहाएक मिनिटं. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीही लावू नका. त्याचा हीटर तापताना जो झटका घेतो तेवढ्यानं ओव्हरलोड होऊन सगळंच बंद पडतं.

विंडोजमध्ये काय करायचं

केबल जोडल्याबरोबर विंडोज १० किंवा ११ मध्ये घड्याळाशेजारी बॅटरीचं चिन्ह येतं. वेगळा ड्रायव्हर लागत नाही. विंडोजला आता वाटतं की हा लॅपटॉप आहे. इथून पुढच्या सोयीही त्यातूनच निघतात आणि घोळही.

कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, त्यात चालू प्लॅनच्या सेटिंग्ज, त्यात ॲडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज, तिथे बॅटरी. 'क्रिटिकल बॅटरी ॲक्शन'मध्ये 'ऑन बॅटरी'ला हायबरनेट निवडा. 'क्रिटिकल बॅटरी लेव्हल' विंडोजनं फारच खाली ठेवलेली असते. ती लॅपटॉपच्या लिथियम बॅटरीला ठीक आहे, यूपीएसच्या शिसाच्या बॅटरीला नाही. ती ५० ते ६० टक्क्यांवर आणा. 'लो बॅटरी लेव्हल' तिच्या वर असली पाहिजे, म्हणून ती आधी वाढवा.

शट डाउन न निवडता हायबरनेट का, याची दोन कारणं आहेत. शट डाउनच्या वेळी एखादी न जतन केलेली एक्सेलची फाइल उघडी असेल तर ती 'सेव्ह करायचं का?' विचारत बसते. उत्तर द्यायला कोणी नसतं आणि बॅटरी संपत जाते. दुसरं, विंडोजचं अपडेट टांगून असेल तर शट डाउन म्हणताच ते बसायला लागतं आणि दहा-पंधरा मिनिटं खातं. बॅटरीवर चालताना अर्धवट बसलेलं अपडेट ही लाइट जाण्यापेक्षा मोठी आपत्ती. हायबरनेट सगळं उघडं काम जसंच्या तसं डिस्कवर उतरवतं आणि एसएसडी असेल तर मिनिटाच्या आत यंत्र पूर्ण बंद होतं. यादीत हायबरनेट दिसत नसेल तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी'ला हायबरनेट ऑनचा आदेश द्यावा लागतो. सी ड्राइव्हवर रॅमच्या निम्म्याएवढी तरी जागा मोकळी ठेवा.

घोळ स्लीपचा. लॅपटॉप समजल्यामुळे 'ऑन बॅटरी'चे सगळे नियम लागू होतात, आणि त्यात काही मिनिटांनी स्लीप असते. कॉम्प्युटर झोपला की उघडं काम रॅममध्ये असतं. यूपीएसची बॅटरी संपली की तेही गेलं. झोपलेलं यंत्र बॅटरी उतरल्यावर जागं होऊन हायबरनेट करेल यावर विसंबू नये. म्हणून त्याच पॉवर ऑप्शन्समध्ये 'ऑन बॅटरी'ची स्लीप 'नेव्हर' करा. टक्क्यांचा आकडा कितीही काळजीपूर्वक बसवला आणि ही एक ओळ राहिली, तर पुढे कधीतरी नुकसान होतंच.

विंडोजच्या या अंगभूत सोयीत एक मोठी उणीव आहे: ती फक्त टक्के ओळखते, मिनिटं नाही. आणि शिसाच्या बॅटरीच्या टक्क्यांवर पहिलं वर्ष सोडलं तर विश्वास ठेवता येत नाही. जुनी बॅटरी ९० टक्के दाखवते, मग ७०, आणि पुढच्या मिनिटाला बसते. कोकणात ही वेळ लवकर येते. अशा बॅटऱ्यांचं तीन ते पाच वर्षांचं आयुष्य २०-२५ अंश तापमान धरून सांगितलेलं असतं. तापमान दहाएक अंशांनी वाढलं की ते निम्म्यावर येतं. पत्र्याखालच्या खोलीत एप्रिल-मेमध्ये यूपीएसच्या पोटात काय तापमान असतं ते हात लावून बघितलं तरी कळेल. दोन-अडीच वर्षं धरून चाला.

म्हणून बंद करण्याची खूण मिनिटांवर ठेवावी असं आमचं ठाम मत आहे: लाइट जाऊन पाच मिनिटं झाली, बंद. एपीसीचं मोफत पॉवरशूट पर्सनल एडिशन हे करू देतं. त्यात दोन पर्याय असतात, शक्य तितका वेळ कॉम्प्युटर चालू ठेवा किंवा बॅटरी वाचवा. दुसरा घ्या आणि पाच मिनिटं लिहा. पॉवरशूट बसवलं की घड्याळाशेजारचं विंडोजचं बॅटरीचं चिन्ह नाहीसं होतं. ते बिघडलेलं नाही. यूपीएसचा ताबा आता दुसऱ्याकडे गेला आहे. दोघांपैकी एकच ठेवायचा.

पॉवरशूट नको असेल तर टास्क शेड्युलरनंही काम होतं. वीजेचा स्रोत बदलला की विंडोज सिस्टिम लॉगमध्ये कर्नल-पॉवर या नावाखाली १०५ क्रमांकाची नोंद करतं. त्या नोंदीवर टास्क लावायचा: पाच मिनिटं थांब, अजून बॅटरीवरच आहे का ते तपास, असेल तर हायबरनेट कर. 'तपास' ही पायरी गाळू नका, कारण लाइट परत आल्यावरही हीच १०५ ची नोंद पडते. आणि टास्कच्या 'कंडिशन्स' पानावर 'कॉम्प्युटर मेनवर असेल तरच सुरू कर' आणि 'बॅटरीवर गेला की थांबव' या दोन्ही खुणा मुळातच लावलेल्या असतात. त्या काढल्या नाहीत तर टास्क नेमका हवा त्या वेळी चालत नाही. पुष्कळ जण इथेच अडतात आणि यूपीएसला दोष देतात.

लिनक्स आणि घरचा सर्व्हर

लिनक्सवर दोन मोफत साधनं आहेत. एपीसीयूपीएसडी फक्त एपीसीसाठी, नट म्हणजे नेटवर्क यूपीएस टूल्स जवळजवळ सगळ्यांसाठी. एपीसीयूपीएसडीची शेवटची आवृत्ती ३.१४.१४ ही २०१६ ची आहे. जुनी आहे म्हणून घाबरू नका. एका यूपीएसला एक कॉम्प्युटर असेल तर तिच्याइतकं सोपं दुसरं नाही. कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये 'यूपीएसकेबल' आणि 'यूपीएसटाइप' दोन्हींपुढे यूएसबी लिहा, 'डिव्हाइस'पुढे काहीही लिहू नका. तिथे आधीपासून सीरियल पोर्टचा पत्ता असतो. तो पुसला नाही की यूपीएस सापडतच नाही.

मग तीन आकडे: 'बॅटरीलेव्हल' (बॅटरीचे उरलेले टक्के), 'मिनिट्स' (बॅटरीची उरलेली मिनिटं) आणि 'टाइमआउट' (लाइट गेल्यापासूनचे सेकंद). तिन्हींपैकी जो आधी गाठला जाईल त्यावर यंत्र बंद होतं. मुळात ते ५ टक्के, ३ मिनिटं आणि ० असे असतात, आणि टाइमआउट ० म्हणजे वेळेची अट नाही. किनाऱ्यासाठी आमचे आकडे ५० टक्के, ८ मिनिटं आणि ३०० सेकंद. 'ऑनबॅटरीडिले' सहा सेकंदांचाच राहू द्या, म्हणजे डोळा लवल्यासारखी गेलेली लाइट तो मनावर घेत नाही. डेबियन-उबंटूच्या जुन्या आवृत्त्यांत 'डिफॉल्ट' फोल्डरमधल्या फाइलमध्ये 'इज-कॉन्फिगर्ड'पुढे 'येस' लिहिल्याशिवाय सेवा सुरू होत नाही. सुरू झाल्यावर 'एपीसीॲक्सेस'चा आदेश देऊन बघा: स्थिती 'ऑनलाइन', लोडचे टक्के, उरलेली मिनिटं दिसली की जोडणी झाली.

नट लागतं ते दोन प्रसंगी. एक, यूपीएस एपीसीचा नसेल. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त यूपीएसची यूएसबी विंडोजला बॅटरी म्हणून दिसत नाही, कारण ते मेगाटेकची जुनी भाषा बोलतात; नटचा 'नटड्रव्ह-क्यूएक्स' ड्रायव्हर ती जाणतो. एपीसीसाठी ड्रायव्हर 'यूएसबीएचआयडी-यूपीएस'. दोन, एका यूपीएसवर दोन-तीन यंत्रं असतील, म्हणजे कॉम्प्युटर आणि फोटोंसाठी ठेवलेला नॅस (नेटवर्कवरून वापरायचा डिस्कचा डबा). केबल एकाच यंत्राला जाते. ते बाकीच्यांना नेटवर्कवरून निरोप देतं आणि सगळ्यात शेवटी स्वतः बंद होतं. हा निरोप राउटरमधून जातो, तेव्हा राउटर आणि स्विच यूपीएसच्याच बॅटरीवर हवेत. राउटर बाहेरच्या प्लगवर राहिला की निरोप निघतो पण पोचत नाही.

नट आपणहून मिनिटं मोजत नाही. यूपीएसनं 'बॅटरी अगदी खाली' अशी खूण दिली की मगच बंद करतं. पाच मिनिटांची अट हवी तर सोबतचं 'यूपीएसशेड' वापरायचं: बॅटरीवर गेल्यावर ३०० सेकंदांचा टायमर सुरू, लाइट आली की रद्द, टायमर संपला की बंद करण्याचा आदेश.

परत चालू होण्याबद्दल

बंद होण्याइतकाच विचार परत चालू होण्याचा केला पाहिजे, आणि कोकणात जरा जास्तच. लाइट येताना एकदम येऊन ठरत नाही. लाइन चार्ज करतात, पुढे कुठेतरी दुसरी फांदी टेकलेली असते, पुन्हा ट्रिप. असं तीन-चारदा होतं. यूपीएसची रिकामी झालेली बॅटरी पूर्ण भरायला सहा-आठ तास लागतात. पहिल्या खेपेला ती तळापर्यंत उतरू दिली असेल तर दुसऱ्या खेपेला हाती काही उरत नाही. पाच मिनिटांत बंद करण्याचा आग्रह यासाठीच. निम्मी बॅटरी पुढच्या दोन खेपांसाठी शिल्लक राहते, आणि शिसाची बॅटरी वारंवार तळाला न गेल्यामुळे टिकतेही जास्त.

साध्या डेस्कटॉपच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) 'रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस' हे 'पॉवर ऑफ'वर ठेवा आणि लाइट स्थिरावल्यावर हातानं सुरू करा. नॅस किंवा कॅमेऱ्यांचा सर्व्हर आपोआप उठायला हवा असेल तर 'पॉवर ऑन' करावं लागतं, पण मग एक कोंडी होते. कॉम्प्युटर बंद झाला, यूपीएसची बॅटरी अजून शिल्लक आहे, तेवढ्यात लाइट आली. कॉम्प्युटरच्या दृष्टीनं वीज कधी तुटलीच नाही, त्यामुळे बायोस त्याला उठवत नाही. तो तसाच पडून राहतो. यावर उपाय म्हणजे यंत्र बंद झाल्यावर यूपीएसनंही स्वतःचा पुरवठा तोडायचा आणि लाइट आल्यावर पुन्हा द्यायचा. नटमध्ये याचे दोन आकडे आहेत: 'ऑफडिले' मुळात २० सेकंद, 'ऑनडिले' ३० सेकंद. वीस सेकंद फार कमी. यंत्र बंद व्हायला जेवढा वेळ घेतं त्याच्या दुप्पट द्या. ऑनडिले नेहमी ऑफडिलेपेक्षा मोठा, आणि पावसाळ्यात तीन मिनिटं तरी. काही यूपीएस ऑनडिले मानत नाहीत आणि लाइट येताच पुरवठा सुरू करतात. आपला कोणत्या स्वभावाचा आहे ते चाचणीतच कळतं.

चाचणी भिंतीवरचं बटण बंद करून करायची, प्लग ओढून नाही. प्लग ओढला की अर्थिंगही तुटतं. आठ तास चार्ज करून घ्या, नोटपॅडमध्ये दोन ओळी न जतन करता उघड्या ठेवा, बटण बंद करा आणि घड्याळ लावा. किती मिनिटांनी बंद व्हायला सुरुवात झाली, पूर्ण बंद व्हायला किती सेकंद लागले, यूपीएसनं पुरवठा तोडला का, बटण लावल्यावर काय झालं, नोटपॅडच्या ओळी परत आल्या का: या पाच गोष्टी यूपीएसवर चिकटपट्टी लावून तारखेसह लिहा. दर वर्षी मिरग लागायच्या आधी पुन्हा. सुरुवातीची मिनिटं वर्षागणिक कशी घटतात हे त्या पट्टीवर दिसतं आणि बॅटरी कधी बदलायची ते त्यावरूनच ठरतं.

इन्व्हर्टर आधीपासून असेल तर

आपल्याकडे बहुतेक घरांत इन्व्हर्टर असतोच, आणि तो कॉम्प्युटरला पुरेसा आहे असं समजलं जातं. चालवायला पुरेसा आहे, नीट बंद करायला नाही. साध्या घरगुती इन्व्हर्टरला कॉम्प्युटरशी बोलता येत नाही. १५० ॲम्पिअर-अवरची बॅटरी दिवे-पंखे चालवत रात्री कधीतरी संपते, आणि कॉम्प्युटर त्याच क्षणी पडतो.

उत्तम मांडणी म्हणजे इन्व्हर्टरच्या लाइनवर यूपीएस, आणि यूपीएसवर कॉम्प्युटर. लाइट गेली की इन्व्हर्टर सांभाळतो, यूपीएसला पत्ताही लागत नाही. तासांनी इन्व्हर्टर थकला की यूपीएस हातात घेतो, पाच मिनिटांनी कॉम्प्युटर नीट बंद होतो. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे लाइनच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा, मात्र हवा. चौकोनी लहरीचा असेल तर यूपीएस ती वीज खराब समजून टकटक करत राहतो किंवा सरळ बॅटरीवर जातो. पॉवरशूटमध्ये संवेदनशीलता कमी करून हा त्रास थोडा उतरतो. होम-स्टेच्या छोट्या जनरेटरवरही हेच घडतं, कारण त्याची वारंवारता लोड बदलला की हलते.

लहरीचा प्रश्न या यूपीएसलाही आहे आणि तो लपवण्यासारखा नाही. बॅटरीवर असताना बीएक्स ११००ची वीज पायरीपायरीची असते, शुद्ध साइन वेव्ह नसते. साध्या एसएमपीएसला, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या पॉवर सप्लायला, ती चालते. ॲक्टिव्ह पीएफसी असलेल्या, म्हणजे चांगल्या प्रतीच्या काही एसएमपीएसना चालत नाही: ते घुं आवाज करतात किंवा बदलाच्या क्षणीच कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो. एसएमपीएसवर '८० प्लस'चं चिन्ह असेल तर घेण्याआधी दुकानातच जोडून बटण बंद करून बघा. जमत नसेल तर प्युअर साइन वेव्हचाच यूपीएस घ्यायचा. तो महाग पडतो, पण तिथे दुसरा इलाज नाही.

वेगळा यूपीएस घ्यायचाच नसेल आणि इन्व्हर्टर असेल, तर एक जुगाड चांगलं चालतं. घरात पडून असलेला जुना राउटर इन्व्हर्टरवर नसलेल्या प्लगला लावा, त्याचं डीएचसीपी (नेटवर्कवर पत्ते वाटण्याचं काम) बंद करा, त्याला घरच्या नेटवर्कमधला एक ठरावीक पत्ता द्या आणि लॅनच्या भोकातून लॅन केबलनं मुख्य राउटरला जोडा. कॉम्प्युटरवर एक छोटी स्क्रिप्ट दर मिनिटाला त्याला पिंग करेल, म्हणजे 'आहेस का?' असं विचारेल. लाइट गेली की जुना राउटर मरतो, पिंग थांबतं. इन्व्हर्टर जेवढे तास पुरतो त्याच्या निम्मा वेळ पिंग आलं नाही तर हायबरनेट. खोटी हूल टाळायला मुख्य राउटरलाही पिंग करा: तोही गप्प असेल तर बिघाड नेटवर्कचा आहे, लाइटचा नाही, आणि काही करायचं नाही. यूपीएसच्या केबलची सर याला नाही, कारण इन्व्हर्टरची बॅटरी आधीच अर्धी असेल तर ते याला कळत नाही. पण शून्यापेक्षा पुष्कळ बरं.

खारी हवा, जांभा आणि पाणी

यूपीएस जमिनीवर ठेवू नका. दीड-दोन फूट वर, भिंतीपासून वीतभर पुढे. पावसाळ्यात दमट हवेपासून जपायचं म्हणून त्यावर प्लॅस्टिक घालणारे आहेत. त्यानं ओल आतच कोंडते आणि बॅटरी शिजते. समुद्राजवळच्या घरात बॅटरीच्या पात्यांवर आणि डेटा पोर्टच्या पिनांवर हिरवट-पांढरा गंज चढतो. केबल अधूनमधून 'सापडत नाही' असं सॉफ्टवेअर म्हणायला लागलं की आधी तो सांधा काढून काँटॅक्ट क्लीनरनं पुसा, मग सॉफ्टवेअरला हात लावा. मुंग्या आणि पाली झरोक्यांतून आत जाऊन बोर्ड शॉर्ट करतात. बारीक जाळी लावायची तर हवा अडणार नाही इतपतच.

अर्थिंग तपासून घ्या. कातळावरच्या घरांत जांभा उन्हाळ्यात इतका कोरडा पडतो की पावसाळ्यात नीट वाटणारं अर्थिंग मेमध्ये नावापुरतं उरतं. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर तीच खूण. खड्ड्यात पाणी घालणं हा मेमधला नेम हवा. वळवाच्या विजा सुरू झाल्या की आधी कॉम्प्युटर बंद करा, मग यूपीएसचा प्लग आणि राउटरची तांब्याची केबल दोन्ही काढा. यूपीएसमधलं सर्ज संरक्षण लाइनवरच्या लहानसहान झटक्यांसाठी आहे, जवळ पडलेल्या विजेसाठी नाही. फायबरमधून वीज येत नाही, पण छपरावरच्या डिशच्या किंवा कॅमेऱ्याच्या तारेतून येते.

बॅटरी बदलताना दोन्ही एकदमच बदला. दोन्ही एकापाठोपाठ जोडलेल्या असतात. एक नवी एक जुनी केली की जुनी नवीला घेऊन बसते. निर्मितीचा महिना छापलेला असतो, सहा महिन्यांपेक्षा जुनी घेऊ नका, कारण दुकानात पडूनही ती खराब होते. जुन्या बॅटऱ्या दुकानदाराला परत द्या, परसात टाकू नका.

शेवटचं, आणि नदी-खाडीकाठच्या घरांनी विशेष लक्षात ठेवावं असं. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात शिरलं तसं पाणी घरात चढायला लागलं तर मेन स्विच पाडणं पुरेसं नाही. मेन बंद केला की यूपीएसच्या दृष्टीनं लाइट गेली. तो बॅटरीवरून २३० व्होल्ट देत राहतो, पाण्यात बुडलेल्या एक्स्टेंशन बोर्डातसुद्धा. इन्व्हर्टरचंही तसंच. पाणी उंबऱ्याशी असतानाच, पाय कोरडे असताना, दोघांच्या अंगावरची बटणं दाबून ते बंद करा आणि मगच मेनकडे जा. ही बटणं कुठली आणि किती वेळ दाबून धरायची हे घरातल्या प्रत्येकाला आधीच दाखवून ठेवा.